अरदास सुरू असताना आपण हात जोडून नेमकं काय ऐकत असतो?

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात जाऊन आलेल्या माणसाला हा प्रसंग ओळखीचा असेल. कीर्तन थांबतं, बसलेली सगळी माणसं उठून उभी राहतात, हात जोडले जातात. पुढे उभा असलेला एकजण पंजाबीत एका लयीत काहीतरी म्हणू लागतो. मध्येच तो ‘बोलो जी वाहेगुरू’ म्हणतो आणि सगळी संगत एका आवाजात ‘वाहेगुरू’ म्हणते. आपणही म्हणतो. मग डोकं टेकवायचं, ओंजळीत कडा प्रसाद घ्यायचा आणि लंगरकडे वळायचं.

मीही कित्येक वर्षं असाच उभा राहिलो. एकदा शेजारी एक म्हाताऱ्या शीख आजी होत्या, नांदेडच्याच. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. ‘खोपरियां’ असा काहीसा शब्द आला आणि त्यांनी जोडलेले हात झटकन कपाळाला लावले. बाहेर आल्यावर मी विचारलं, तिथे कुणाची आठवण होती? स्वच्छ मराठवाडी मराठीत त्या म्हणाल्या, ‘तारूसिंगांची, बाळा.’ मी म्हटलं, पण त्यांचं नाव तर कुणी घेतलं नाही. त्यावर त्या म्हणाल्या, ‘नाव कशाला पाहिजे? काय केलं ते घेतात ना.’

हा लेख त्या उत्तरातून सुरू झाला. २०२५ साली शिखांचे नववे गुरू तेगबहादूर यांच्या हौतात्म्याला साडेतीनशे वर्षं झाली. महाराष्ट्रातही कार्यक्रम झाले, चौकाचौकांत फलक लागले, ‘हिंद दी चादर’ हे त्यांचं बिरुद घरोघरी पोचलं. त्यानंतर अनेकांनी मला विचारलं, शीख इतिहासातली इतकी माणसं, इतकी नावं लक्षात तरी कशी ठेवायची? शिखांनी ती कशी ठेवली, हे अरदास ऐकली की कळतं.

## अरदास म्हणजे गाऱ्हाणं

शब्द आपल्याला परका नाही. फारसीत ‘अर्जदाश्त’ म्हणजे विनंतीपत्र. आपला ‘अर्ज’ त्याच घरातला आणि जुन्या मराठी कागदांत ‘अर्जदास्त’ असा शब्दही येतो. पंजाबीत तो झिजून ‘अरदास’ झाला.

कोकणातल्या माणसाला अरदास समजावून सांगायला एक वाक्य पुरतं: हे गाऱ्हाणं आहे. देवळासमोर एकजण उभा राहून सगळ्यांच्या वतीनं बोलतो, स्थळांची नि पूर्वजांची आठवण काढतो, मग मागणं मागतो, शेवटी चुकल्यामाकल्याची माफी मागतो आणि प्रत्येक टप्प्यावर लोक ‘होय महाराजा’ म्हणतात. अरदासीचा सांगाडा हाच. ‘होय महाराजा’च्या जागी ‘वाहेगुरू’.

ती म्हणायला पुजारी लागत नाही. कुठलाही शीख, बाई असो की पुरुष, पुढे उभं राहून अरदास करू शकतो. सकाळ-संध्याकाळच्या पाठानंतर ती होते, लग्नात होते, दुकान उघडताना होते, प्रवासाला निघताना होते. आज सगळीकडे जी प्रमाण मानतात ती शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीनं १९४५ साली मंजूर केलेल्या आचारसंहितेत, म्हणजे ‘रहित मर्यादे’त, छापलेली आहे. ठिकाणाप्रमाणे मजकूर थोडा कमी-जास्त होतो. सुरुवातीच्या ओळी आणि शेवटच्या दोन ओळी मात्र बदलायच्या नाहीत, असा दंडक आहे.

## आधी दहा नावं

सुरुवात गुरू नानकांपासून. मग अंगद, अमरदास, रामदास, अर्जन, हरगोबिंद, हरराय, हरकृष्ण आणि तेगबहादूर. हा भाग गुरू गोविंदसिंगांच्या रचनेतून घेतलेला आहे, म्हणून त्यात नऊच नावं होती. दहावं, खुद्द गोविंदसिंगांचं, नंतर जोडलं गेलं. त्यापुढे या दहाही जणांची ज्योत म्हणून गुरू ग्रंथसाहिबाचं ध्यान. १७०८ साली नांदेडमध्ये गोविंदसिंगांनी आपल्यानंतरचं गुरुपद माणसाला न देता ग्रंथाला दिलं. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. म्हणजे अरदासीत ग्रंथापुढे हात जोडले जातात, तेव्हा त्यात पंढरपूरचा तो शिंपीही असतो.

अरदासीत पुढे ‘खालसा’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. तो आपल्याला इतिहासाच्या पुस्तकामुळे ठाऊक आहे: इंग्रजांनी अमुक संस्थान ‘खालसा’ केलं. खालसा जमीन म्हणजे मध्ये जहागीरदार नसलेली, थेट सरकारची जमीन. शिखांचा खालसाही तसाच. गुरू आणि शिष्य यांच्यामध्ये पूर्वी ‘मसंद’ नावाचे प्रतिनिधी असत. ते देणग्या गोळा करत आणि पुढे त्यांतले बरेच बिघडले. गोविंदसिंगांनी ती व्यवस्थाच मोडली. मधला माणूस गेला, जो उरला तो थेट गुरूचा, म्हणून खालसा.

## मग नावं संपतात

दहा गुरूंनंतर अरदासीत एकाही व्यक्तीचं नाव येत नाही. येतात ते आकडे. पंज प्यारे, चार साहिबजादे, चाळीस मुक्ते. पाच, चार, चाळीस.

पाच जणांची गोष्ट १६९९ च्या बैसाखीची. आनंदपूरच्या मैदानात गोविंदसिंग नंगी तलवार घेऊन उभे राहिले आणि डोकं देणारा कोण आहे, असं विचारलं. एकामागून एक पाच जण उठले. लाहोरचा खत्री दयाराम, हस्तिनापूरचा जाट धरमदास, जगन्नाथपुरीचा पाणक्या हिंमतराय, द्वारकेचा शिंपी मोहकमचंद आणि बिदरचा न्हावी साहिबचंद. नकाशा डोळ्यांपुढे आणा. पंजाबातल्या घटनेत माणसं उठतात ती ओडिशा, गुजरात आणि दख्खनमधून. बिदर नांदेडपासून फार लांब नाही. पुढे औरंगजेबाला लिहिलेलं ‘जफरनामा’ हे फारसी पत्र घेऊन दख्खनेत उतरले, ते यांतलेच दयासिंग आणि धरमसिंग.

चार साहिबजादे म्हणजे गोविंदसिंगांचे चार मुलगे. थोरले अजितसिंग आणि जुझारसिंग चमकौरच्या गढीत लढताना पडले. धाकटे जोरावरसिंग आणि फतेहसिंग, एक नऊ वर्षांचा आणि दुसरा सहा-सात वर्षांचा, सरहिंदमध्ये भिंतीत चिणून मारले गेले. आजी माता गुजरी तिथेच थंड बुरुजात कैदेत होत्या, त्यांनीही प्राण सोडला. २०२२ पासून २६ डिसेंबरला ‘वीर बाल दिवस’ पाळला जातो, तो या धाकट्या दोघांचा.

चाळीस मुक्त्यांची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते, कारण ती आधी पळून गेलेल्या माणसांची आहे. आनंदपूरचा वेढा लांबला, खायला अन्न उरलं नाही, तेव्हा पंजाबातल्या ‘माझा’ नावाच्या प्रदेशातले चाळीस शीख ‘तुम्ही आमचे गुरू नाही आणि आम्ही तुमचे शीख नाही’ असा कागद लिहून देऊन घरी परतले. या कागदाला ‘बेदावा’ म्हणतात, म्हणजे ‘आमचा आता दावा नाही’. झबाल गावची माई भागो त्यांना गाठून बोलली, खूप बोलली आणि स्वतः शस्त्र बांधून त्यांना परत घेऊन आली. खिदराण्याच्या तळ्यापाशी मोगल फौज अडवताना ते चाळीस पडले. त्यांच्यातला महासिंग शेवटच्या घटका मोजत होता. गुरूंनी विचारलं, काय हवं? तो म्हणाला, तो कागद फाडा. गुरूंनी फाडला. त्या गावाचं नाव पडलं मुक्तसर.

रोज जगभर या चाळीस जणांचा उल्लेख होतो, पण त्यांनी गुरूला सोडलं होतं या अंगानं नाही. ‘मुक्ते’ एवढाच शब्द राहिला. आणि माई भागो? ती त्या लढाईतून वाचली, गुरूंबरोबर नांदेडपर्यंत आली आणि पुढचं आयुष्य बिदरजवळच्या जनवाडा गावी काढलं. सचखंडच्या आवारात तिच्या नावाचा बुंगा, म्हणजे निवासाची वास्तू, आहे.

## शस्त्राच्या आधी पातेलं

यानंतरची ओळ घाईत निसटून जाते, पण तिथे क्षणभर थांबायला हवं. ज्यांनी नाम जपलं, ‘वंड छकिया’ म्हणजे वाटून खाल्लं, ‘देग चलाई’, ‘तेग वाही’, आणि ‘देख के अणडिठ कीता’, त्यांची आठवण.

देग म्हणजे अन्न शिजवायचं मोठं भांडं. तेग म्हणजे तलवार. क्रम बघा: आधी देग, मग तेग. लंगरमध्ये भल्या पहाटे उठून कणिक तिंबणारी बाई आणि रणात उतरलेला शिपाई एकाच ओळीत आहेत आणि तिचा नंबर आधी लागतो.

शेवटची गोष्ट तर फारच सुंदर: ‘देख के अणडिठ कीता’. दुसऱ्याचं उणं दिसलं, तरी न दिसल्यासारखं केलं, त्यांची आठवण. ज्या यादीत हुतात्मे आहेत, त्याच यादीत दुसऱ्याची चूक पोटात घालणारी माणसंही आहेत. अशी आठवण मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

## चार क्रिया, चार माणसं

आता तो भाग, जिथे आजींचे हात कपाळाला लागले. ज्या सिंघ-सिंघणींनी धर्मासाठी शिर दिलं, ‘बंद बंद कटाए, खोपरियां लुहाइयां, चरखड़ियां ते चढ़े, आरियां नाल चिराए गए’. सांधा सांधा तोडून घेतला, कवटीवरची कातडी सोलून घेतली, चाकावर चढले, करवतीनं चिरले गेले. कर्ता कुठेच नाही. पण प्रत्येक क्रियेमागे एक माणूस आहे आणि संगतीतल्या जाणत्यांना तो ठाऊक असतो.

सांधा सांधा तोडला गेला भाई मणीसिंगांचा. ते विद्वान होते. गोविंदसिंगांच्या सांगण्यावरून त्यांनी ग्रंथाची प्रत लिहून काढली होती. १७३० च्या दशकात अमृतसरला दिवाळीचा मेळा भरवण्याची परवानगी त्यांनी लाहोरच्या सुभेदाराकडून कर भरायच्या बोलीवर घेतली. जमलेल्या लोकांवर फौज घालायचा बेत आहे, हे कळल्यावर त्यांनी माणसांना येऊ नका म्हणून निरोप धाडले. मेळा भरला नाही, पैसा जमला नाही, कर थकला. शिक्षा लाहोरला झाली. परंपरा सांगते की मारेकरी थेट मनगटावर घाव घालू लागला, तेव्हा मणीसिंगांनीच त्याला थांबवून सांगितलं: हुकूम सांध्यासांध्याचा आहे, बोटांपासून सुरुवात कर.

कवटी सोललेले ते भाई तारूसिंग. पूहला गावचा तरुण शेतकरी. त्याचा गुन्हा काय, तर रानात लपलेल्या शिखांना तो भाकरी पोचवायचा. १७४५ साली लाहोरमध्ये त्याला सांगितलं, केस काप. तो म्हणाला, केस डोक्याबरोबरच जातील. म्हणून केसांसकट कातडी काढली. त्यानंतरही तो काही दिवस जिवंत होता.

चाकावर चढले ते भाई सुबेगसिंग आणि त्यांचा मुलगा शाहबाजसिंग. सुबेगसिंग फारसी जाणणारे, सरकारदरबारी वजन असलेले. १७३३ मध्ये लाहोरचा सुभेदार जकारियाखान याला शिखांशी समेट हवा होता. नवाबीची वस्त्रं आणि जहागिरीची सनद घेऊन अमृतसरला आले ते हेच सुबेगसिंग. ती नवाबी कुणीच घेईना. शेवटी संगतीला पंखा घालत उभ्या असलेल्या कपूरसिंगांच्या गळ्यात ती घातली गेली आणि सेवा सुटणार नाही या अटीवर त्यांनी ती घेतली, असं सांगतात. समेट टिकला नाही. बाराएक वर्षांनी तोच मध्यस्थ आपल्या मुलासह लाहोरमध्ये खिळ्यांच्या चाकावर होता.

करवतीनं चिरलेले भाई मतीदास. हे १६७५ चे, दिल्लीच्या चांदणी चौकातले. काश्मिरी पंडित धर्मांतराच्या जुलमाविरुद्ध मदत मागायला आनंदपूरला आले आणि गुरू तेगबहादूर त्यांच्यासाठी दिल्लीला गेले, ही गोष्ट आता बहुतेकांना माहीत आहे. त्यांच्याबरोबर तिघे पकडले गेले होते. मतीदासांना करवतीनं चिरलं, दयालदासांना उकळत्या पाण्यात घातलं, सतीदासांना कापसात गुंडाळून जाळलं. शेवटी गुरूंचा शिरच्छेद झाला.

त्यानंतरच्या दोन माणसांबद्दल मी नेहमी सांगतो. शीर उचलून आनंदपूरला नेलं ते भाई जैता यांनी, समाजानं अस्पृश्य ठरवलेल्या घरातला हा तरुण. आणि धड आपल्या गाड्यांतून काढून नेलं लक्खीशाह वंजारा यांनी. चिता रचली तर पहारेकऱ्यांना धूर दिसणार. म्हणून त्यांनी आपलं राहतं घरच पेटवून दिलं आणि त्यात अंत्यसंस्कार केला. दिल्लीत संसदेजवळ आज रकाबगंज गुरुद्वारा आहे तो त्या जागी. महाराष्ट्रातल्या बंजारा समाजात लक्खीशाहचं नाव आजही आदरानं घेतात.

## पण राजे कुठे आहेत?

अरदास पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा मी हे शोधलं. महाराजा रणजितसिंग शीख इतिहासातला सर्वांत बलाढ्य राजा. नांदेडच्या सचखंडची आजची वास्तू त्यांच्याच खर्चानं १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिली, अमृतसरला हरिमंदिरावर सोनं चढवलं तेही त्यांनीच. अरदासीत ते नाहीत. त्यांचे सेनापती हरिसिंग नलवा नाहीत. नांदेडला गोदावरीकाठी माधोदास बैरागी म्हणून राहणारा, गोविंदसिंगांना भेटून बंदासिंग झालेला आणि १७१० मध्ये सरहिंद जिंकणारा वीरही नावानिशी नाही. १७१६ मध्ये दिल्लीत शेकडो साथीदारांसह त्याला मारलं, तेव्हा तो ‘शिर दिलं’ या दोन शब्दांत सामावला.

काय जिंकलं, हा अरदासीचा निकष नाही. काय दिलं, हा आहे. नाव घेतलं की त्याबरोबर गाव, जात, घराणं, पद सगळं येतं आणि कुणाचं आधी, कुणाचं नंतर, यावरून भांडण येतं. क्रियेला जात नसते. शिर देणाऱ्यांत तेगबहादूर आहेत आणि ज्याचं नाव कुठल्याही कागदात उतरलं नाही असा गावकरीही आहे. ज्यांच्याविषयी इतिहासाकडे ओळसुद्धा नाही, त्यांच्यासाठी या वाक्यात जागा आहे. नाव घेऊन हे साधलं नसतं, असं माझं मत आहे.

## ‘नावं नाहीत, तर मुलं विसरणार नाहीत का?’

विसरतील, जर कुणी सांगितलंच नाही तर. अरदास ही पूर्ण गोष्ट नाही, ती गोष्टीची खुंटी आहे. ‘खोपरियां म्हणजे काय गं?’ असं नातू विचारतो आणि आजी तारूसिंगांची गोष्ट सांगते. आपल्याकडे ‘ज्ञानदेव तुकाराम’ म्हणताना मूल विचारतं आणि मग रेड्याची नि इंद्रायणीची गोष्ट निघते, तसंच हे. फरक एवढाच की इथे नावाऐवजी काम ऐकू येतं, म्हणून मूल विचारतं तेही कामाबद्दलच.

## ‘रोज इतक्या यातना कशाला आठवायच्या?’

ही शंका मला एका मैत्रिणीनं विचारली, लहान मुलाला घेऊन गेली होती. शंका रास्त आहे. तिला मी एक लोकदोहा ऐकवला. १७४८ ते १७५३ या काळात लाहोरचा सुभेदार होता मीर मन्नू. त्याच्या कैदेत शीख बायकांना जड जात्यांवर दळायला बसवलं, त्यांच्या तान्ह्या मुलांचे तुकडे करून गळ्यात घातले. अनेक ठिकाणच्या अरदासीत या मातांचीही आठवण असते. त्या दिवसांत लोक म्हणत: ‘मन्नू असाडी दातरी, असीं मन्नू दे सोए’. मन्नू आमचा विळा, आम्ही त्याची शेपू. तो जितकं कापेल तितके आम्ही दुप्पट फुटू.

शेपूची जुडी कापल्यावर बुडखा पुन्हा फुटतो, हे परसात शेपू लावणाऱ्या कुणालाही माहीत आहे. ज्यांची माणसं रोज मारली जात होती, त्यांना स्वतःसाठी सुचलेली उपमा ही. या वृत्तीला शिखांचा शब्द आहे ‘चढदी कला’: परिस्थिती कशीही असो, मन चढतं ठेवायचं. अरदासीतला यातनांचा भाग रडण्यावर संपत नाही. तो ‘धर्म नहीं हारिया’वर येतो, धर्म हरला नाही. आणि लगेच ‘बोलो जी वाहेगुरू’.

## ‘हे मुसलमानांविरुद्ध नाही का?’

छळ करणारे बहुतेक मोगल अधिकारी होते, म्हणून हा प्रश्न येतो. अरदासीत छळ करणाऱ्याचं नाव नाही, धर्म नाही, पदही नाही. औरंगजेब नाही, जकारियाखान नाही, मन्नू नाही. आठवण सोसणाऱ्याची ठेवली आहे, मारणाऱ्याची नाही.

आणि शीख आठवणींत मुसलमान माणसं मोठ्या मानानं आहेत. सरहिंदच्या दरबारात दोन लहान मुलांच्या शिक्षेला उघड विरोध करणारा एकच सरदार उठला, मलेरकोटल्याचा नवाब शेर मुहम्मदखान. तो गुरूंविरुद्ध लढलेला होता, तरी म्हणाला की पोरांचा काय दोष? १९४७ मध्ये पंजाब रक्तानं न्हाला, तेव्हा मलेरकोटल्यातल्या मुसलमानांना कुणी हात लावला नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका वाक्याची ती परतफेड होती. पीर बुद्धूशाहांचे मुलगे १६८८ च्या भंगाणीच्या लढाईत गोविंदसिंगांच्या बाजूनं पडले. आणि शेख फरीदांची वाणी ग्रंथातच आहे.

## तारखा जुळत नाहीत, त्याचं काय?

याविषयी थोडक्यात. तेगबहादूरांच्या हौतात्म्याचा दिवस कुठे ११ नोव्हेंबर लिहिलेला दिसतो, कुठे २४ नोव्हेंबर आणि २०२५ मध्ये तो बऱ्याच ठिकाणी २५ तारखेला पाळला गेला. घोळ घटनेचा नाही, पंचांगाचा आहे. ११ ही जुन्या इंग्रजी कॅलेंडरची तारीख, २४ ही शिखांच्या नानकशाही कॅलेंडरनं कायम केलेली आणि मार्गशीर्ष शुद्ध पंचमी २०२५ मध्ये २५ ला आली. शिवजयंती तारखेनं की तिथीनं, हा वाद घरात पाहिलेल्या मराठी माणसाला यापेक्षा जास्त सांगायला नको. चमकौरच्या लढाईचं सालही कुणी १७०४ देतं, कुणी १७०५.

## गाऱ्हाणं वाढत जातं

अरदास कोरीव शिलालेख नाही. पंथावर जे गुजरलं, ते तिच्यात उतरत गेलं.

‘गुरुद्वाऱ्यांच्या सेवेसाठी ज्यांनी कुर्बानी दिली’ हे शब्द विसाव्या शतकातले. तेव्हा अनेक गुरुद्वारे महंतांच्या खासगी मालमत्तेसारखे झाले होते आणि ते संगतीच्या ताब्यात आणायची चळवळ सुरू होती. २० फेब्रुवारी १९२१ रोजी नानकांच्या जन्मगावी, ननकाणा साहिबात, शांतपणे आत गेलेल्या जथ्यावर महंताच्या माणसांनी गोळ्या आणि कुऱ्हाडी चालवल्या, काहींना झाडाला बांधून जाळलं. पुढच्या वर्षी, ३० ऑक्टोबर १९२२ रोजी, याच चळवळीतल्या कैदी सत्याग्रहींना नेणारी गाडी हसन अब्दाल स्टेशनवर थांबणार नाही असं कळलं. तिथल्या पंजा साहिब गुरुद्वाऱ्याच्या संगतीनं कैद्यांसाठी जेवण बनवून ठेवलं होतं. भाई करमसिंग आणि भाई प्रतापसिंग रुळांवर बसले. गाडी थांबली, त्यांच्या अंगावरून जाऊन. जेवण कैद्यांपर्यंत पोचलं. देग आणि तेग कुठे एकत्र येतात, हे मला या घटनेत दिसतं. १९२५ मध्ये गुरुद्वारा कायदा झाला.

मग १९४७. ननकाणा साहिब, पंजा साहिब, कर्तारपूर सीमेपलीकडे गेले. अरदासीत एक नवं मागणं आलं: ज्या गुरुद्वाऱ्यांपासून पंथाला तोडलं गेलं, त्यांचं खुलं दर्शन आणि सेवा घडू दे. सत्तरहून अधिक वर्षं लोक हे रोज मागत होते. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी कर्तारपूरचा मार्ग खुला झाला, तेव्हा टीव्हीवर रडणारी म्हातारी माणसं आपण पाहिली. ती प्रत्येक दिवशी हे वाक्य म्हणत आली होती.

अरदासीत पाच तख्तांचंही, म्हणजे शिखांच्या पाच सर्वोच्च धर्मपीठांचंही, ध्यान होतं: अमृतसर, आनंदपूर, दमदमा, पाटणा आणि नांदेड. व्हँकुव्हरमध्ये किंवा नैरोबीत अरदास होते, तेव्हा त्या पाचांत आपल्या गोदाकाठचं नांदेडही असतं.

## शेवटी मागतात काय?

इतकं सोसलेले लोक मागतील तरी काय? सूड नाही, राज्य नाही. ‘मन नीवां, मत उच्ची’ मागतात, मन नम्र आणि बुद्धी उंच. विवेक मागतात, विश्वास मागतात. म्हणताना अक्षर कमी-जास्त झालं असेल तर माफ कर, म्हणतात. आणि शेवटच्या, कधीही न बदलणाऱ्या दोन ओळी: ‘नानक नाम चढदी कला, तेरे भाणे सरबत दा भला’. तुझ्या इच्छेनं सर्वांचं भलं होवो. सर्वांचं म्हणजे फक्त शिखांचं नाही. ज्ञानेश्वरांनी ‘जो जे वांछील तो ते लाहो’ म्हणताना कुणाला वगळलं नव्हतं, तसंच.

या ओळींच्या जरा आधी एक मोकळी जागा असते. तिथे अरदास करणारा त्या दिवसाचं कारण सांगतो आणि ज्यांनी अरदास करायला सांगितली, त्यांची नावं घेतो. दहा गुरूंनंतर हुतात्म्यांची, राजांची, सेनापतींची नावं आली नव्हती. इथे येतात ती कुणाच्या बाळाचं बारसं, कुणाचं ऑपरेशन, कुणाची नवी रिक्षा, अशी जिवंत, साधी नावं.

परवा पुन्हा नांदेडला गेलो होतो. त्या मोकळ्या जागेत ग्रंथींनी हातातली चिठ्ठी वाचली, एका मुलीचं नाव, ती नर्सिंगच्या परीक्षेला बसली होती. माझ्यापुढच्या रांगेत तिचे वडील उभे होते, कामावरून थेट आलेले, पँटीला सिमेंट लागलेलं. नाव ऐकू आल्यावर त्यांनी मान आणखी खाली घातली. सगळी संगत म्हणाली, वाहेगुरू.